कंपोन्माद आणि मद्यत्याग : एका व्याधीच्या नामकरणाचा व उपचाराचा इतिहास

१

व्याधींच्या इतिहासात नामकरणाला दुय्यम स्थान देण्याचा प्रघात आहे. रोग आधी ओळखला जातो, नाव मागाहून मिळते, आणि नावामुळे रोगाच्या स्वरूपात वा उपचारात काही फरक पडत नाही, असा सर्वसाधारण समज आढळतो. मद्यपी मनुष्याचे मद्य एकाएकी बंद झाले असता त्याला जो विकार जडतो, त्याचा इतिहास मात्र या समजाविरुद्ध साक्ष देतो. या विकाराला वेळोवेळी जी नावे दिली गेली, त्यांतील प्रत्येक नावात रोगाच्या कारणाविषयीचा एक सिद्धान्त दडलेला होता. आणि जसा सिद्धान्त तसा उपचार, हे ओघानेच आले. कोठे रोग्याचे रक्त काढले गेले, कोठे त्याला अफू पाजली गेली, तर कोठे त्याला केवळ कोंडून ठेवण्यात आले. नावाची चूक रोग्याच्या प्राणाशी गाठ घालते, याचे इतके स्पष्ट उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

विकाराचे स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. दीर्घकाळ व भरपूर मद्य घेणाऱ्या मनुष्याचे पिणे थांबले, की साधारणतः सहा ते आठ तासांत त्याच्या हातांना कंप सुटतो, घाम येतो, नाडी जलद चालते, अन्न नकोसे होते व झोप उडते. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण येथेच थांबते व काही दिवसांत आपोआप निवळते. काहींना पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येतात. थोड्या रोग्यांच्या बाबतीत दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास याहून भयंकर अवस्था उद्भवते : स्थळकाळाचे भान सुटते, भिंतीवरून किडे वा उंदीर धावताना दिसतात, ज्वर चढतो, सर्वांग थरथरते, आणि वेळीच उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. या शेवटच्या अवस्थेस पाश्चात्त्य वैद्यकात ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. मराठीत तिच्यासाठी ‘कंपोन्माद’ हा शब्द योजला जातो.

यातील ‘डिलिरियम’ या लॅटिन शब्दाची व्युत्पत्ती मनोरंजक आहे. ‘लीरा’ म्हणजे नांगराचे तास. ‘दे लीरा’ म्हणजे तास सोडून. नांगराचा बैल तासातून बाहेर पडावा, तसे मन आपल्या वाटेवरून ढळते, ही मूळ कल्पना. शेतकऱ्याच्या अनुभवातून आलेली ही प्रतिमा यथार्थ आहे, कारण तास सुटलेला बैल पुन्हा तासाला लावता येतो. ‘उन्माद’ या संस्कृत शब्दात हा अर्थ उतरत नाही. उन्माद हा मनाचा दीर्घकालीन विकार होय. प्रस्तुत अवस्था ही थोड्या दिवसांची, शरीरातील बिघाडामुळे उत्पन्न झालेली भ्रांती आहे. मराठी पर्याय अशा रीतीने पहिल्याच पावलाला थोडा चुकतो. परंतु तो रूढ असल्याने येथे तोच स्वीकारला आहे.

२

मद्यजन्य कंपाची व भ्रमाची नोंद फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या सृष्टिविषयक ग्रंथात मद्यप्यांच्या थरथरणाऱ्या, भरलेली पात्रे सांडणाऱ्या हातांचे आणि त्यांच्या भयप्रद स्वप्नांचे वर्णन केले आहे. भारतीय वैद्यकात चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय संपूर्णपणे ‘मदात्यय’ या विकाराला वाहिलेला आहे. त्यातील वातप्रधान मदात्ययाच्या लक्षणांत शिरःकंप, निद्रानाश आणि बहुप्रलाप ही तिन्ही लक्षणे एकत्र दिलेली आढळतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही पानात्यय, परमद, पानाजीर्ण व पानविभ्रम असे भेद सांगितले आहेत.

चरकाने ‘ध्वंसक’ व ‘विक्षय’ अशा आणखी दोन विकारांचा निर्देश केला आहे. अलीकडील काही लेखक यांतच आधुनिक मद्यत्यागजन्य विकार पाहतात. ध्वंसकाच्या लक्षणांत शब्द सहन न होणे याचा समावेश असल्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. तथापि संहितेतील निदान वेगळे आहे : मद्य सोडलेल्या मनुष्याने पुन्हा एकाएकी अतिमद्य सेवन केले असता हे विकार होतात, असे तेथे म्हटले आहे. शिवाय ध्वंसकात तंद्रा व निद्रा यांचा अतिरेक सांगितला आहे, तर मद्यत्यागानंतरच्या अवस्थेत झोप मुळीच लागत नाही. तेव्हा आजचे ज्ञान जुन्या ग्रंथात शोधण्याच्या उत्साहात ग्रंथाचा शब्द डावलणे इष्ट नव्हे.

चरकाचे खरे महत्त्व दुसऱ्या दोन ठिकाणी आहे. मद्याच्या अयोग्य सेवनाने झालेला विकार त्याच मद्याच्या योग्य व मोजक्या सेवनाने शमतो, असे तो सांगतो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तर त्याने एक व्यापक नियमच घालून दिला आहे : अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम टाकू नये, ती पादांशाच्या क्रमाने, पायरीपायरीने सोडावी. शरीराला ज्याची सवय झाली, त्याचा अभाव हाही शरीराला उपद्रव होऊ शकतो, हा विचार या नियमामागे आहे. पुढे पाश्चात्त्य वैद्यकात दीड शतक जो वाद माजला, त्याच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न होता.

३

आधुनिक इतिहासाचा आरंभ इ. स. १८१३ पासून मानला जातो. त्या वर्षी इंग्लंडमधील वैद्य टॉमस सटन याने ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ या नावाने या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सॅम्युअल बर्टन पिअर्सन याचेही निरीक्षण एडिंबरो येथील वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याने मात्र यास ‘मेंदूचा ज्वर’ म्हटले होते. या दोन नावांतील अंतर केवळ शाब्दिक नव्हते. त्या काळी बडबड व ज्वर दिसला, की मेंदूचा दाह झाला असे समजून रोग्याचे रक्त काढण्यात येई. सटनचे म्हणणे असे, की ही अवस्था दाहापासून भिन्न आहे; हिच्यात रक्त काढल्याने रोगी दगावतो आणि अफू देऊन झोप आणल्यास वाचतो. वेगळ्या नावाचा आग्रह त्याने धरला, तो उपचार वेगळा करावयाचा होता म्हणून.

सटनचे बहुतेक रोगी मद्यपी होते व ही गोष्ट त्याच्या ध्यानी आली होती. परंतु विकाराचे कारण मद्य हेच, असे त्याने निःसंदिग्धपणे मांडले नाही. ते काम १८१९ मध्ये फ्रान्समध्ये पिएर रेये याने केले. तथापि कारण मद्य आहे एवढे म्हणून प्रश्न सुटत नव्हता. मद्य पोटात गेल्यामुळे हा रोग होतो, की मद्य मिळेनासे झाल्यामुळे? शस्त्रवैद्यांचा अनुभव या बाबतीत बोलका होता. पाय मोडलेला मद्यपी रुग्णालयात दाखल झाला, की दोनतीन दिवसांनी तो बरळू लागतो, हे त्यांनी वारंवार पाहिले होते. पॅरिसचा विख्यात शस्त्रवैद्य द्युप्युइत्रँ याने अशा अवस्थेला ‘मज्जातंतूंची भ्रांती’ असे नाव दिले आणि तिचा संबंध आघाताशी जोडला. रुग्णालयात आल्यापासून त्या मनुष्याचा पेला सुटला आहे, ही बाब आघाताच्या सावलीत झाकली गेली.

बॉस्टनच्या जॉन वेअर याने १८३१ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. हा विकार ठरावीक क्रमाने वाढतो, काही दिवसांनी रोग्यास गाढ झोप लागते व तो शुद्धीवर येतो. या क्रमात अफूच्या मोठ्या मात्रेने फारसा लाभ होत नाही, उलट अपायच संभवतो, असे त्याने आपल्या निरीक्षणांवरून दाखविले. औषध दिल्यावर रोगी बरा झाला म्हणजे औषधाने बरा झाला असे नव्हे, हा विवेक त्या काळी दुर्मिळ होता.

४

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘नेहमीचे उत्तेजक द्रव्य काढून घेतल्यामुळे हा रोग होतो’ हे मत पुष्कळांना मान्य होते व त्यास अनुसरून रोग्यास थोडी ब्रँडी देण्याची रीत होती. शतकाच्या मध्यास हे मत मागे पडले. एडिंबरोच्या अलेक्झांडर पेडी याने १८५४ मध्ये असे प्रतिपादन केले, की शरीरात साचलेल्या मद्यरूपी विषाचा हा परिणाम आहे. सबब उत्तेजके नकोत आणि अफूही नको. त्याच नगरातील टॉमस लेकॉक याचाही कल याच दिशेने होता. मद्यपी गुन्हेगारांचे मद्य तुरुंगात तत्काळ बंद होते, तरी त्यांना हा विकार क्वचितच होतो, असा तुरुंगांतील अनुभव पुरावा म्हणून पुढे केला जाई.

या मताला वैद्यकाबाहेरचे बळही मिळाले. अमेरिकेत बेंजामिन रश याने १७८४ मध्ये तीव्र मद्याच्या दुष्परिणामांविषयी जो निबंध लिहिला, त्यात व्यसनी माणसाने मद्य एकदम व संपूर्ण सोडावे असा उपदेश होता. पुढे मद्यपाननिषेधाच्या चळवळींनी हा उपदेश घरोघरी पोहोचविला. स्वीडनच्या मॅग्नुस हुस याने १८४९ मध्ये मद्यजन्य जीर्ण विकारांचे सविस्तर वर्णन करून ‘अल्कोहोलिझम’ या शब्दाला जन्म दिला. त्यामागेही मद्य हे शरीर पोखरणारे विष आहे ही दृष्टी होती. मद्य हे विष ठरले, की ते थांबविल्याने कोणास इजा होईल ही कल्पनाच विपरीत वाटू लागते. जो वैद्य तसे म्हणेल, तो मद्यप्याला निमित्त पुरवितो असा संशय येऊ लागतो. नीतीचा निर्णय व वैद्यकाचा निर्णय यांची सरमिसळ झाली ती येथे. मद्य सोडणे हितकर आहे या सत्यावरून ते एकदम सोडणे निर्धोक आहे हा निष्कर्ष निघत नाही. तथापि सुमारे शंभर वर्षे तो तसा काढला गेला.

तुरुंगांच्या पुराव्यातील उणीव आज सहज दिसते. मद्य तोडल्यावर फक्त थोड्याच लोकांना कंपोन्माद होतो. तो अनेकांना होत नाही, यावरून तो कोणालाच मद्यत्यागामुळे होत नाही असे सिद्ध होत नाही.

५

या वादाच्या बाजूने एक वेगळाच धागा चालत आला आणि तो उपचाराच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके याने १८८१ मध्ये तीन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांनाही डोळ्यांच्या हालचालींत दोष, चालण्यात तोल जाणे व मनाचा गोंधळ ही लक्षणे होती. त्यांपैकी दोघे मद्यपी पुरुष होते. तिसरी एक तरुण स्त्री होती. ती मद्यपी नव्हती. गंधकाम्ल प्याल्यामुळे तिला सतत वांत्या होत होत्या व अन्न टिकत नव्हते. या तिसऱ्या रोग्यात खरे उत्तर दडले होते, पण ते वाचण्याची विद्या तेव्हा नव्हती. १८८७ पासून रशियाच्या सेर्गेई कोर्साकोव्ह याने मद्यप्यांतील स्मृतिनाशाचे वर्णन केले. नवी आठवण न टिकणे व रिकाम्या जागी कल्पित प्रसंग भरणे, ही त्याची खूण होती.

उत्तर आले ते जावा बेटातील कोंबड्यांवरून. डच वैद्य आइकमन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो व कोंड्यासह तांदूळ दिल्यास तो बरा होतो. त्यातूनच पुढे ‘ब१’ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, हाती लागले. १९३६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट विल्यम्स याने ते प्रयोगशाळेत तयार केले. व्हेर्निकेचे तिन्ही रोगी या एका द्रव्याला पारखे झाले होते : दोघे मद्यामुळे, तिसरी वांत्यांमुळे. आज मद्यत्यागाच्या उपचारात थायमिन टोचून देणे हा प्राथमिक नियम आहे. थायमिनच्या आधी नुसती साखर शिरेतून दिल्यास उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि व्हेर्निकेची अवस्था ओढवू शकते. अशक्त रोग्यास ‘सलाईन लावावे’ एवढ्याच समजुतीने उपचार करणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

६

दरम्यान निद्राजनक औषधांची एक परंपराच निर्माण झाली. बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख याने १८६९ मध्ये क्लोरल हायड्रेट वापरात आणले. १८८२ मध्ये इटालियन वैद्य चेर्वेल्लो याने पॅराल्डिहाइड आणले. या दुसऱ्या औषधाचा उग्र दर्प रोग्याच्या श्वासाला येई, व कित्येक रुग्णालयांतील मद्यप्यांच्या खोल्या त्या दर्पावरून ओळखल्या जात. १९०३ मध्ये बार्बिट्युरेट वर्गातील पहिले औषध प्रचारात आले. ही सर्व औषधे उपयोगी पडत, कारण ती मद्याचीच अनुपस्थिती काही अंशी भरून काढीत; पण हे कारण वैद्यांना ज्ञात नव्हते. शिवाय गुणकारी मात्रा व प्राणघातक मात्रा यांतील अंतर थोडे होते. कंपोन्मादाने होणारे मृत्यू काही ठिकाणी शेकडा पस्तीसच्या घरात असल्याचे त्या काळाविषयी सांगितले जाते.

निर्णायक कलाटणी मिळाली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. बॉस्टन येथील मॉरिस व्हिक्टर व रेमंड ॲडम्स यांनी १९५३ मध्ये २६६ मद्यपी रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंप केव्हा सुरू होतो, झटके केव्हा येतात, भ्रांती केव्हा येते, हे त्यांनी घड्याळावर मोजले. आणि ते मोजले शेवटच्या पेल्यापासून. काळाचा आरंभबिंदू एकदा बदलताच विस्कळीत वाटणारी लक्षणे एका ओळीत लागली.

तरीही शंका उरली होती : या रोग्यांची उपासमार, जीवनसत्त्वांचा अभाव, जखमा यांमुळे तर हे होत नसेल? तिचे निरसन १९५५ मध्ये झाले. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व त्याच्या सहकाऱ्यांनी दहा मनुष्यांना उत्तम आहार व जीवनसत्त्वे देऊन दररोज भरपूर मद्य पाजले आणि मग ते एकाएकी बंद केले. ज्यांचे पिणे लवकर थांबले, त्यांना किरकोळ त्रास झाला. जे सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले, त्यांच्यापैकी काहींना झटके आले व काहींना भ्रांती झाली. पोषण उत्तम असताना केवळ मद्य तोडल्याने हा विकार होतो, हे सिद्ध झाले.

मात्र या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही. ती दहा माणसे पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेले कैदी होते. बंदिवासातील मनुष्याची संमती किती स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नाही. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग होऊ शकणार नाही. शतकापूर्वी तुरुंगांतील अनुभव सत्य झाकण्यास उपयोगी पडला होता. आता कैद्यांच्याच शरीरावर ते सत्य उघड झाले.

७

कारण निश्चित झाल्यावर उपायास विलंब लागला नाही. न्यू जर्सीतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख याने तयार करून बाजूला ठेवलेले एक द्रव्य १९५७ मध्ये टेबल आवरताना सहकाऱ्याच्या नजरेस पडले. त्याची परीक्षा होऊन १९६० मध्ये ते ‘लिब्रियम’ या नावाने विक्रीस आले. क्लोरडायझेपॉक्साइड हे त्याचे शास्त्रीय नाव. १९६३ मध्ये त्याच कुळातील डायझेपाम आले. १९६९ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ५३७ रोग्यांवर चार औषधे व एक निष्क्रिय गोळी यांची तुलना करण्यात आली; झटके व कंपोन्माद या दोहोंना आळा घालण्यात क्लोरडायझेपॉक्साइड सरस ठरले. त्याच तुलनेत मनोविकारांवरील क्लोरप्रोमाझिन हे औषध झटके वाढविणारे दिसून आले. बडबडणाऱ्या रोग्यास ‘वेडा’ समजून वेडावरचे औषध देणे किती घातक ठरू शकते, हे यावरून कळते. ‘उन्माद’ या शब्दाचा दोष येथे पुन्हा आठवतो.

या औषधांच्या कार्याचे मर्म १९७७ नंतर उलगडत गेले. मेंदूत आवर घालणारी व उत्तेजना देणारी अशा दोन व्यवस्था असतात. मद्य पहिलीला बळ देते व दुसरीला दाबते. महिनोन्‌महिने असे चालले, की मेंदू तोल सांभाळण्यासाठी आवर सैल करतो व उत्तेजना वाढवितो. मद्य अचानक गेले, की हा वाढविलेला जोर निर्बंध सुटतो. चढावर जोराने ओढणाऱ्या बैलांच्या गाडीचे ओझे एकदम उतरवावे आणि गाडी उधळावी, तसे हे होते. लिब्रियमच्या कुळातील औषधे आवर घालणाऱ्या व्यवस्थेस तात्पुरता आधार देतात. मग तो आधार दिवसागणिक कमी केला जातो. चरकाचा पादांशाचा क्रम येथे वेगळ्या द्रव्याच्या रूपाने, मोजमापासह परत आलेला दिसतो.

मोजमाप हाच या पुढील काळाचा विशेष होय. १९८९ मध्ये कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास इत्यादी दहा लक्षणांना गुण देणारी, एकूण ६७ गुणांची श्रेणी रूढ झाली. १९९४ मध्ये १०१ रोग्यांवर झालेल्या अभ्यासात, ठरावीक वेळी औषध देण्याऐवजी लक्षणांच्या गुणांनुसार ते दिल्यास उपचाराचा मध्यमान काळ ६८ तासांवरून ९ तासांवर व औषधाची मात्रा ४२५ मिलिग्रॅमवरून १०० मिलिग्रॅमवर येते असे आढळले. यकृत बिघडलेल्या रोग्यांसाठी लोराझेपामसारखी, शरीराबाहेर सहज पडणारी औषधे निवडली जातात. योग्य उपचार मिळाल्यास कंपोन्मादाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण आज शेकडा पाचाच्या खाली आले आहे. सौम्य लक्षणांच्या रोग्यास वैद्याच्या देखरेखीखाली घरीही सांभाळता येते. ज्यास पूर्वी झटके वा भ्रांती झाली आहे, त्यास मात्र रुग्णालयच हवे, कारण प्रत्येक नव्या मद्यत्यागाबरोबर हा विकार अधिक उग्र होत जाण्याचा संभव असतो.

८

महाराष्ट्राच्या इतिहासातही या प्रश्नाचे पडसाद उमटले आहेत. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. त्या व्यवस्थेत प्रकृतीच्या कारणास्तव मद्याचा परवाना मिळण्याची वाट ठेवलेली होती. निषेधाच्या कायद्यालाही शरीराच्या सवयीची दखल घ्यावी लागली, असा याचा अर्थ होतो. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. वैद्यकीय उपचाराचे पहिले काही दिवस हा व्यसनमुक्तीचा केवळ उंबरठा असून खरे काम त्यापुढे आहे, ही दृष्टी मराठी समाजात रुजविण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली द्रव्यांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आणि त्या रोग्यांना उपचाराचा हक्क दिला.

एवढे होऊनही २०२० साली जुना वाद नव्याने उभा राहिला. साथीमुळे मार्चच्या अखेरीस देशभर मद्यविक्री थांबली. लक्षावधी शरीरांवर एकाच दिवशी मद्यत्याग लादला गेला. केरळ शासनाने ३० मार्च रोजी, मद्यत्यागाची लक्षणे असलेल्यांना वैद्याच्या दाखल्यावर मद्य देण्याचा आदेश काढला. वैद्यांच्या संघटनांनी त्यास विरोध केला : या विकारावर सिद्ध औषध उपलब्ध असता मद्य हेच औषध म्हणून लिहून देणे अशास्त्रीय होय. २ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. १८३० च्या सुमाराची ब्रँडी व १९६० चे लिब्रियम एकाच आठवड्यात समोरासमोर आली. शासनाने धोका ओळखला होता, उपाय मात्र दोनशे वर्षांपूर्वीचा निवडला. पुढील वर्षी एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे मद्याची दुकाने बंद असता हात निर्जंतुक करण्याचे द्रव पिऊन सात जण मरण पावले. मद्य न मिळालेला मनुष्य काय करील याचा विचार न करता केलेली बंदी अपुरी ठरते, हे या घटनेने दाखविले.

९

शेवटी पुन्हा शब्दांकडे वळणे प्राप्त आहे. या उपचाराच्या पहिल्या टप्प्याला इंग्रजीच्या अनुकरणाने ‘निर्विषीकरण’ किंवा बोलीत ‘डिटॉक्स’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ विष बाहेर काढणे. वस्तुतः मद्य बाहेर काढण्यास वैद्याची गरज नसते. ते काम यकृत ताशी सुमारे सात ते दहा ग्रॅम या गतीने स्वतःच करते. कंपोन्माद येतो तो रक्तात मद्याचा थेंबही उरलेला नसताना. म्हणजे ज्या क्षणी शब्दार्थाप्रमाणे ‘निर्विषीकरण’ पूर्ण झाले, त्याच सुमारास खरा धोका सुरू होतो. १८५४ मधील साचलेल्या विषाचा सिद्धान्त वैद्यकाने टाकून दिला, पण शब्दात तो जिवंत राहिला. ‘अंगातली दारू उतरली की झाले, दोन दिवस खोलीत कोंडून ठेवा’ असे जेव्हा एखाद्या घरात म्हटले जाते, तेव्हा तो निर्दयपणा नसतो, ती एका चुकीच्या शब्दाची तर्कशुद्ध परिणती असते.

याउलट लोकभाषेत एक शब्द पूर्वीपासून आहे. रात्री प्यालेल्या माणसाने सकाळी हाताचा कंप थांबविण्यासाठी जो घोट घ्यावा, त्याला ‘उतारा’ म्हणतात. विषावरील प्रतिकारक औषधालाही उताराच म्हणतात, आणि अंगातील बाधा काढण्यासाठी ओवाळून टाकलेल्या वस्तूलाही. सकाळचा कंप हा मद्याचा नसून मद्याच्या अभावाचा आहे, आणि त्याच द्रव्याने तो शमतो, हे निरीक्षण या शब्दात सामावले आहे; १८५४ च्या विद्वानांपेक्षा ते सत्याच्या अधिक जवळ आहे. परंतु हा उतारा चढास कारण होतो, हेही तितकेच खरे. शास्त्राने केले ते एवढेच, की त्या उताऱ्याच्या जागी मोजता येणारा व सोडता येणारा उतारा दिला, आणि सोबत थायमिन, पाणी, अन्न व शांत खोली दिली.

त्यानंतरचा मार्ग लांबचा आहे. १९४८ मध्ये कोपनहेगन येथे गवसलेले डायसल्फिराम, पुढे आलेली नाल्ट्रेक्झोन व ॲकॅम्प्रोसेट ही औषधे, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मद्यमुक्तांच्या परस्परसाहाय्य मंडळांची परंपरा, कुटुंबाचे समुपदेशन, हे सर्व त्या मार्गावरचे टप्पे होत. पहिल्या आठवड्यातून जिवंत बाहेर पडलेल्या मनुष्यालाच ते लाभू शकतात. म्हणूनच या आठवड्याला योग्य नाव देणे ही केवळ परिभाषेची बाब नाही. ‘मद्यत्यागाचा उपचार’ असे साधे नाव योजले, तरी धोका कोठे आहे ते त्यातून कळते : त्यागात. तास सुटलेला बैल दावणीला बांधून भागत नाही. त्याला हळूहळू, हाताने, पुन्हा तासाला लावावे लागते.